सांडव्याचा हिशेब कोण ठेवणार?

प्रतिनिधी

परभणी : मराठवाड्यातील वृत्तपत्रांत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास दोन बातम्या बहुधा शेजारी-शेजारी छापून येतात. एक असते तलाव तुडुंब भरल्याची. तिच्यासोबत सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे छायाचित्र आणि जलपूजनाचा वृत्तान्त असतो. दुसरी असते ओढ्याला पूर येऊन खालच्या गावांचा संपर्क तुटल्याची. पहिली बातमी वाचून शहरातला वाचक सुखावतो, दुसरी वाचून हळहळतो. या दोन बातम्यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र क्वचितच तपासला जातो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने हा संबंध पुन्हा ऐरणीवर आणला. जायकवाडीतून गोदावरीत सोडलेला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. ज्यांची जमीनच खरडून गेली, त्यांच्यासाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामाची तरतूद त्यात होती. चर्चा झाली ती मोठ्या धरणांची, त्यांच्या दरवाजांची आणि विसर्गाच्या वेळापत्रकाची. ज्यांना दरवाजेच नाहीत अशा लहान मातीच्या धरणांकडे फारसे कोणी पाहिले नाही. जमीन खरडते ती केवळ गोदावरीकाठी नव्हे. ती ओढ्या-नाल्यांच्या काठीही खरडते आणि तेथील पाण्याशी पहिली गाठ पडते ती याच लहान धरणांची.

दोन डोंगर, एक गोदावरी

परभणी जिल्ह्याची रचना पाहिली तर हे नीट ध्यानात येते. उत्तरेला जिंतूरकडचा डोंगराळ भाग, दक्षिणेला गंगाखेड आणि पालम तालुक्यांत उतरलेल्या बालाघाटच्या रांगा आणि मध्ये गोदावरीचे काळ्या मातीचे सपाट खोरे. उत्तरेकडून पूर्णा आणि दुधना, करपरेसारख्या लहान नद्या, दक्षिणेकडून मासोळी, लेंडी, गळाटी अशा सर्वांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. जिल्ह्याचा पावसाळी पाऊस साडेसातशे मिलीमीटरच्या मागे-पुढे आहे. तो चार महिने सारखा पडला असता तर पुराचा प्रश्नच उद्भवला नसता. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत, कधी मोजक्या तासांत पडतो. महसूल खाते २४ तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस झालेल्या मंडळात अतिवृष्टी झाल्याचे धरते. जाणत्या शेतकऱ्याला मात्र तो पाऊस २४ तासांत पडला की तीन तासांत, यातला फरक पुरेपूर ठाऊक असतो.

या भूगोलाला अनुसरूनच धरणे झाली. मोठ्या धरणांत जिंतूर तालुक्यात पूर्णेवरचे येलदरी आहे, ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. सेलू तालुक्यात निम्न दुधना, मध्यम प्रकल्पांत करपरा आणि मासोळी आहेत. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे आहेत. त्याखालच्या पायरीवर डोंगरउतारांवरचे लघु तलाव येतात. जिंतूरकडचे वडाळी, चारठाणा, केहाळ, कवडा किंवा गंगाखेडकडचे कोद्री, टाकळवाडी, पिंपळदरी ही त्यांतली काही नावे. आणि सर्वांत खाली पाझर तलाव आणि गावतलाव, ज्यांची नावे त्या-त्या शिवारापलीकडे कोणाला ठाऊक नसतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात असे अनेक तलाव उभे राहिले. माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून रचलेल्या त्या भिंतींनी आता पन्नाशी गाठली आहे.

भरलेल्या भांड्यात पाणी मावत नाही

अशा तलावांचे भूमिपूजन होते तेव्हा भाषणात तीन फायदे हमखास सांगितले जातात. सिंचन होईल, विहिरींचे पाणी वाढेल आणि पुराला आळा बसेल. पहिले दोन खरे आहेत. तिसरा अर्धाच खरा आहे आणि तो कोणता अर्धा, हे समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे.

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक लाख घनमीटर होते. उदाहरणादाखल दहा चौरस किलोमीटर पाणलोट असलेला तलाव घेऊ. त्यावर असा पाऊस झाला, तर दहा लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे मुरले, निम्मे वाहिले असे धरले तर पाच लाख घनमीटर तलावाकडे येते. तलावाची क्षमता पंधरा लाख घनमीटर असेल आणि तो जूनमध्ये निम्मा रिकामा असेल, तर हे सारे पाणी तो पोटात घेतो. खालच्या गावाला पुराची वार्ताही लागत नाही. हाच पाऊस सप्टेंबरमध्ये, तलाव काठोकाठ भरलेला असताना पडला, तर जवळजवळ सारे पाणी सांडव्यावरून खाली जाते. ते सहा तासांत गेले असे धरले तरी सरासरी विसर्ग सेकंदाला २३ घनमीटर, म्हणजे सुमारे आठशे क्युसेक होतो. ऐन भरात तो याहून बराच जास्त असतो.

म्हणजे मातीचा लहान तलाव हंगामाच्या आरंभी पूर रोखतो आणि अखेरीस तो केवळ पुढे पाठवतो. पाणी सांडव्यावरून जाण्यापूर्वी तलावात पसरते, त्यामुळे पुराचा माथा थोडा बोथट होतो, एवढाच काय तो दिलासा. मराठवाड्यातील अलीकडचे अनेक मोठे पूर तलाव भरून झाल्यावर, सप्टेंबरात आले आहेत. गोदावरीच्या महापुरावर तर या तलावांचा प्रभाव नगण्य असतो. उलट गोदावरी फुगली की उपनद्यांचे पाणी मागे रेटले जाते आणि खालच्या गावांची दोन्हीकडून कोंडी होते.

पूर अडवण्यासाठीच बांधलेले लहान मातीचे धरण कसे असते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. ओक्लाहोमा राज्यात वॉशिता नदीच्या खोऱ्यात १९४८ मध्ये असे पहिले धरण झाले. १९५४ मध्ये तिथे त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे देशभरात अशी अकरा हजारांहून अधिक धरणे बांधली गेली. त्यांतील बहुतेक मातीचीच आहेत. त्यांचे मर्म असे की जलाशयाचा मोठा भाग मुद्दाम रिकामा ठेवला जातो. पूर आला की पाणी साठते आणि भिंतीखालच्या नळातून काही दिवसांत आपोआप निघून जाते, म्हणजे पुढच्या पुरासाठी जागा मोकळी होते.

आपल्याकडे हे परवडणारे नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे भरलेला तलाव पुराच्या भीतीने रिकामा करा असे कोण म्हणेल? आणि कोणी म्हटलेच, तर ऐकेल कोण? म्हणून एकाच भिंतीकडून आपण दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा करतो. दुष्काळासाठी तिने भरलेले राहावे आणि पुरासाठी रिकामे राहावे. या दोहोंमध्ये तडजोड घडवणारी एकच जागा त्या बांधकामात असते, ती म्हणजे सांडवा.

सांडवा : भिंतीचा श्वास

सिमेंट-काँक्रीटच्या धरणावरून पाणी वाहिले तर ते बहुतेक वेळा टिकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की त्याचे आयुष्य तासांवर येते. खालच्या उतारावरची माती ओघळू लागते, ओघळीची घळ होते आणि घळ वरच्या बाजूला सरकत जलाशयाला भिडते. वर मानलेला तलाव असा फुटून तासाभरात रिकामा झाला, तर पंधरा लाख घनमीटर पाण्याचा सरासरी विसर्ग १५ हजार क्युसेकच्या जवळ जातो. सांडव्यावरून जाणाऱ्या आठशे क्युसेकच्या तुलनेत तो अठरा पट भरतो. पुराला आळा घालण्यासाठी म्हणून बांधलेली भिंत फुटली, तर ती निसर्गाला जमला नसता असा पूर स्वतःच निर्माण करते.

म्हणून सांडव्याची रुंदी, त्याची पातळी आणि भिंतीचा माथा त्याहून किती उंच, या तीन आकड्यांवर खालच्या वस्तीचे प्राण अवलंबून असतात. हे आकडे ठरतात कसे? भारतीय मानक संस्थेच्या १९८५ च्या मानकानुसार, अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर साठ्याच्या लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून आखला जातो. मोठ्या धरणाला मात्र संभाव्य महत्तम पुराचा निकष लावला जातो.

'शंभर वर्षांतून एकदा' हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ असा पूर दरवर्षी येण्याची शक्यता एक टक्का असा आहे. भिंत पन्नास वर्षे उभी राहिली, तर त्या काळात असा किंवा त्याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. असे वीस तलाव घेतले, तर पन्नास वर्षांत सरासरीने आठ तलावांच्या वाट्याला तो येणार. शिवाय १९८५ पूर्वीच्या तलावांचे सांडवे कोणत्या हिशेबाने काढले, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात बराच काळ इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाचे सूत्र प्रचलित होते. त्यात पाणलोटाचे क्षेत्रफळ घातले की पुराचा आकडा मिळतो. पाऊस किती आणि किती वेळात पडला, हे त्यात येतच नाही.

कागदावरचा सांडवा पुरेसा होता असे मानले, तरी प्रत्यक्षातला तेवढाच राहिला आहे का? लहान तलावांचा सांडवा म्हणजे पुष्कळदा भिंतीच्या टोकाला मुरमात खोदलेला रुंद चर. पाण्याची ओढ असलेल्या गावात त्याच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचून वीतभर जास्त पाणी अडवण्याचा मोह होतो. सांडव्याची उंची वाढवून द्या, ही लोकप्रतिनिधींकडे होणारी नेहमीची मागणी आहे. चराच्या पुढच्या, आठ-दहा महिने कोरड्या राहणाऱ्या भागात पेरणी होते, बांध पडतात, वेड्या बाभळी माजतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ज्याने लागोपाठ दुष्काळ पाहिले, त्याला वीतभर पाण्याची किंमत कळते. पण सांडव्यात अडवलेली ती एक वीत म्हणजे भिंतीच्या सुरक्षिततेतून उसनी घेतलेली असते.

काळ्या मातीचा स्वभावही इथे विसरून चालत नाही. धरणाचा गाभा काळ्या मातीचा असतो, कारण ती पाणी सहजी झिरपू देत नाही. परंतु हीच माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून तिच्यावर मुरमाचे जाड आवरण आणि पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग असते. पावसाने मुरूम धुऊन ओघळी पडल्या, कोणी पिचिंगचे दगड नेले, भिंतीवर झाडे वाढून त्यांची मुळे आत शिरली, की गाभा उघडा पडतो आणि झिरपणाऱ्या पाण्याला वाट सापडते. २०१७ पासून राबवल्या गेलेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतही हेच पथ्य महत्त्वाचे ठरते. गाळ काढणे हिताचे आहे, पण जेसीबीने भिंतीच्या पायथ्याशी खोदणे म्हणजे घराच्या पायाखालची माती विकण्यासारखे आहे.

तिवरे आणि धार

ही भीती अनाठायी नाही. मातीचे धरण फुटणे म्हणजे काय, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या रूपाने अनुभवले. शहरांची स्मृती तिथेच थांबली. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील २३ जणांवर काळाने झडप घातली. त्या धरणाचा साठा जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर होता. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकेही पाणी तिथे नव्हते. गळतीच्या तक्रारी आपण आधीच केल्या होत्या, असे ग्रामस्थ सांगत होते. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचे विधान केले आणि राज्यभर त्याची टवाळी झाली. खेकडे भिंतीत बिळे करतात हे खरेच आहे. म्हणूनच तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करावयाची असते. बीळ खेकड्याचे असले तरी ते वेळेत न दिसण्याची जबाबदारी खेकड्यावर टाकता येत नाही.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. तिथल्या कामाच्या दर्जाविषयी गंभीर प्रश्न विचारले गेले, ते योग्यच होते. पण गळती दिसताच खालची गावे रिकामी करण्यात आली आणि बाजूने चर खोदून जलाशयातले पाणी काढून देण्यात आले. धरण वाचले नाही म्हणा, पण माणसे वाचली. तिवरे आणि कारम यांतला फरक भिंतीच्या दर्जाचा कमी आणि दिवसाउजेडी कोणीतरी भिंतीकडे पाहत असण्याचा अधिक आहे.

कायद्याची रेषा कुठे संपते

तिवरेनंतर अडीच वर्षांनी, ३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्राचा धरण सुरक्षा कायदा अमलात आला. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी, धरणाच्या मालकाकडे स्वतंत्र सुरक्षा कक्ष, आपत्कालीन कृती आराखडा अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. जुन्या धरणांच्या आराखड्यांसाठी पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. परंतु हा कायदा लागू होतो तो १५ मीटरहून उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीचे धरण त्यात येण्यासाठी भिंतीची लांबी पाचशे मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर यांसारखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. दहा मीटरहून कमी उंचीचे धरण या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात असल्याने नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे असते. तिवरेचे धरण १५ मीटरहून उंच, म्हणजे या व्याख्येने मोठेच होते. सिंचनाच्या वर्गवारीत मात्र ते लघु होते. वर्गवारी कोणती लावायची यावरच दुर्लक्षाचे प्रमाण ठरत असेल, तर तो दोष व्यवस्थेचा आहे.

या रेषेखालच्या तलावांची मालकी सिंचनक्षमतेच्या हेक्टरांवर वाटली गेली आहे. शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे जलसंधारण खात्याकडे आणि आणखी मोठे जलसंपदा खात्याकडे. पूर मात्र हेक्टर पाहून येत नाही. त्यातही पाझर तलावाची गत अधिक बिकट. त्याला कालवा नाही म्हणून पाणीपट्टी नाही; पाणीपट्टी नाही म्हणून देखभालीसाठी हक्काचे उत्पन्न नाही; आणि उत्पन्न नाही म्हणून भिंतीवर फिरणारा माणूस नाही. नव्या तलावाला निधी मिळतो, कारण त्याचे भूमिपूजन होते. सांडव्यातली बाभूळ तोडण्याचे भूमिपूजन होत नाही.

न होणाऱ्या बातमीसाठी

उपाय महाग नाहीत. पहिला, उंचीची कोणतीही अट न ठेवता जिल्ह्यातील प्रत्येक मातीच्या भिंतीची नोंद व्हावी आणि त्या नोंदीत सिंचनक्षमतेबरोबर सांडव्याची मूळ रुंदी, आजची रुंदी आणि भिंतीखालच्या पहिल्या वस्तीचे अंतर हे तीन रकाने असावेत. दुसरा, दरवर्षी मे महिन्यात सांडवा मोजून मोकळा केल्याचा दाखला मालक खात्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्यावा. बाभळी तोडणे, ओघळी बुजवणे आणि चर साफ करणे ही कामे रोजगार हमीतून होण्याजोगी आहेत. ज्या योजनेने हे तलाव बांधले, तिनेच ते जपावेत, यात औचित्यही आहे. तिसरा, महावेध प्रकल्पामुळे आता महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद मिळते; तिच्या आधारे जुन्या सांडव्यांचा हिशेब नव्याने मांडावा. जिथे तो अपुरा ठरेल, तिथे आधी सांडवा रुंद करावा आणि मगच साठा वाढवण्याचा विचार करावा. चौथा आणि सर्वांत स्वस्त, प्रत्येक तलावासाठी एका पानाचा आराखडा. अतिवृष्टीच्या रात्री भिंतीवर कोण जाईल, कोणाला फोन करील आणि कोणती वस्ती कोणत्या शाळेत हलवायची, एवढेच त्यात असले तरी पुरे.

यातला अवघड भाग पैशाचा नाही, गावाशी बोलण्याचा आहे. सांडव्यातल्या गोण्या पोलीस बंदोबस्तात काढता येतील, पण पुढच्या दुष्काळात त्या पुन्हा रचल्या जातील. त्या वीतभर पाण्याच्या बदल्यात भिंतीखालच्या वस्तीवर कोणती जोखीम येते, हे त्याच गावाला आकड्यांनिशी सांगावे लागेल. अनेकदा पाणी वापरणारा आणि भिंतीखाली झोपणारा एकच असतो.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरल्याची छायाचित्रे पुन्हा छापून येतील आणि त्यात आनंद मानण्यासारखे नक्कीच आहे. ते छायाचित्र पाहताना पाणी कुठवर आले याबरोबरच ते कुठून बाहेर पडते आहे, हेही पाहावे. सांडवा मोकळा असेल तर ती बातमी तिथेच संपेल. ती तिथेच संपावी, यासाठीच हा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा.